शिक्का मारण्याआधी लाकूड खरंच तापवणारे पेटीवाले (शिरोली एमआयडीसी)

गोकुळ शिरगावच्या आमच्या फाउंड्रीत डिस्पॅच माझ्याकडे आहे. परदेशी जाणाऱ्या कास्टिंगच्या लाकडी पेट्या आम्ही शिरोलीच्या या युनिटमधून घेतो. साडेचार स्टार.

अशा पेटीला आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडातली कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय नियम लागतो. लाकडाच्या पार गाभ्यात 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटं टिकलं पाहिजे, मगच ‘एचटी’चा (हीट ट्रीटमेंट, म्हणजे लाकूड तापवल्याचा) शिक्का. इथं चेंबर भरताना मालक स्वतः सगळ्यात जाड ठोकळा निवडतात, ड्रिलनं मधोमध भोक पाडून सेन्सर आत घालतात आणि तोंड बुजवतात. चेंबरमधली हवा कितीही तापू दे, ठोकळ्याच्या पोटातला आकडा 56 वर आल्याशिवाय मिनिटं मोजायला सुरुवात होत नाही. पावसाळ्यात ओल्या लाकडाला फार वेळ लागतो, तरी घाई करत नाहीत. ग्राफची प्रिंट न मागता सर्टिफिकेटबरोबर मिळते.

आधी आम्ही दुसऱ्या एकाकडून घ्यायचो. शिक्का झकास, पण फळ्यांच्या कडेला साल तशीच, आणि पेटी उचलली की खाली पिठासारखा भुसा. विचारलं तर उत्तर, “शिक्का हाय की वर, मग काय?” शिक्क्यानं अळी मरत नाही! न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 1996 मध्ये काळा कुळकुळीत, पांढऱ्या ठिपक्यांचा, अंगापेक्षा लांब मिशांचा आशियाई भुंगा सापडला. असल्याच पेट्यांच्या लाकडातून तो चीनहून आला असं मानतात. त्याला आवरायला हजारो झाडं तोडावी लागली. 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या हिरव्या भुंग्यानं तर ॲशची कोट्यवधी झाडं वाळवली. त्याच्या अळ्या सालीखाली पोखरत राहतात, म्हणून साल काढणंही तितकंच महत्त्वाचं.

इथले मिस्त्री प्रत्येक फळी उलटून बघतात. साल, भोक किंवा ताजा भुसा दिसला की फळी बाजूला. जुनी पेटी दुरुस्तीला दिली आणि एक तृतीयांशापेक्षा जास्त लाकूड बदललं, तर जुना शिक्का रंध्यानं काढून पेटी परत चेंबरमध्ये घालतात. त्याचे पैसे वेगळे पडतात, पण ते रास्त आहेत.

मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. बाहेरून आमच्याकडं एक मशीन आलं होतं, त्याच्या पेटीला शिक्काच नव्हता आणि एका फळीला पेन्सिल जाईल एवढं गोल भोक. फोटो पाठवला तर मालकांचा लगेच फोन, “फळकुटं कुणाला चुलीला देऊ नका, प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवा आणि प्लांट क्वारंटाइनला, म्हणजे बाहेरून येणारी कीड रोखणाऱ्या सरकारी खात्याला कळवा.” आमच्यातले काहीजण राधानगरीकडून येतात, असली लाकडं गाडीवर बांधून गावाकडं नेतात. तिथून दाजीपूरचं जंगल किती लांब? त्या दिवसापासून गेटवरच बंदी घातली. एमआयडीसीतल्या बाकीच्यांनीही घालावी, ही कळकळीची विनंती.

अर्धा स्टार कापला तो शाईसाठी. एका लॉटचे शिक्के पसरून वाचता येईनात. पेट्या बदलून दिल्या, पण कंटेनर दुपारपर्यंत थांबला. दर साध्या पेटीपेक्षा जास्त आहे. चेंबर एकच असल्यानं दिवाळीच्या आधीची ऑर्डर लवकर नोंदवा.