रात्री उशिरा सीएसएमटी ते घोडबंदर: लाइव्ह लोकेशन, लोकल आणि रिक्षा, काही महिन्यांच्या वापरानंतर

नाटक, गाण्याची बैठक किंवा मैत्रिणींबरोबरचं जेवण आटोपून दक्षिण मुंबईतून ठाण्याला, तेही घोडबंदर रोडला कासारवडवलीपर्यंत, रात्री साडेबारा-एकला परतणं गेल्या पावसाळ्यापासून माझ्या नेहमीचं झालं आहे. नवऱ्याची रात्रपाळी असते, त्यामुळे मी घरी पोचेपर्यंत जागं राहायचं काम पुण्याच्या ताईने स्वतःहून घेतलं. फोनमधल्या सुरक्षेच्या जवळजवळ सगळ्या सोयी या काळात वापरून झाल्या. सोयी चांगल्याच आहेत. पण पलीकडच्या माणसाने कधी आणि काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर त्यांचा काडीचा उपयोग नाही, असं माझं ठाम मत झालंय.

व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशनला 15 मिनिटं, 1 तास आणि 8 तास असे तीन पर्याय येतात. घाईत 1 तासावर बोट जातं. धीम्या लोकलला सीएसएमटीहून ठाण्याला यायलाच तेवढा वेळ लागतो, म्हणजे ज्या रिक्षाच्या टप्प्यासाठी हा सगळा खटाटोप, तिथेच लोकेशन बंद पडणार. सरळ 8 तास निवडावेत आणि घरी पोचल्यावर आपल्या हाताने बंद करावं. शिवाय लोकेशनची परवानगी कायमची द्यावी लागते, आणि फोनचा बॅटरी सेव्हर चालू असेल तर नकाशावरचा ठिपका जागच्या जागी थिजतो. एकदा मी मुलुंड ओलांडलं तरी ताईला विक्रोळीतच दिसत होते. तिचा फोन आला तेव्हा आवाज कापत होता. त्या रात्रीच आम्ही नियम ठरवले: ठिपका 10 मिनिटं हलला नाही तर फोन करायचा, दोनदा उचलला नाही तर सोसायटीच्या वॉचमनला, आणि रिक्षात बसल्यानंतर संपर्क तुटला तर थेट 112 या आपत्कालीन नंबरला. 112 ची यंत्रणा राज्यभराची असल्यामुळे ताईने पुण्यातून लावला तरी चालतो, फक्त ठिकाण ठाण्यातलं आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं. आमच्या वॉचमनकाकांना मी हे सगळं नीट समजावून दिलंय आणि त्यांचा नंबर ताईकडे आहे.

गूगल मॅप्सवरून लोकेशन शेअर केलं की समोरच्याला आपल्या फोनची बॅटरी किती उरली तेही दिसतं. ही बारीकशी गोष्ट मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटली. 20 टक्क्यांच्या खाली गेलं की ताईचा मेसेज येतो, "पॉवर बँक लाव आधी." ठिपका गायब झाला तरी तिला अंदाज असतो की चार्जिंग संपलंय की दुसरं काही.

लोकलबद्दल माझी फारशी तक्रार नाही. रात्री महिलांच्या डब्यात लोहमार्ग पोलीस किंवा होमगार्ड असतो, मी तोच डबा शोधून बसते. काही महिला डबे ठरावीक वेळेपुरतेच राखीव असतात, म्हणून डब्यावर 24 तास लिहिलंय ना, हे बघूनच चढावं. रेल्वेची हेल्पलाइन 139. खरी काळजी असते ती रात्रीच्या ब्लॉकची. देखभालीसाठी किंवा पुलाच्या गर्डरसाठी शनिवारी-रविवारी रात्री ब्लॉक असला की शेवटच्या गाड्या रद्द होतात किंवा अलीकडेच संपतात. एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या ॲपवर वेळ बघून निश्चिंत राहू नका, त्या दिवशीची रेल्वेची सूचनाही बघा. आणि शेवटच्या गाडीवर कधीच विसंबायचं नाही, मी तिच्या आधीची धरते. मध्यंतरानंतर नाटक लांबणार असं दिसलं की मैत्रिणी आता माझ्याकडे बघतात, कारण निघायची वेळ मी ठरवते.

आता रिक्षा. ठाणे स्टेशन पश्चिमेला मध्यरात्रीनंतर रांग मोडते आणि "कुठे जायचंय मॅडम, चारशे" सुरू होतं. हिशोब पाठ असलेला बरा. फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचं किमान भाडं दीड किलोमीटरला 26 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17 रुपये 14 पैसे आहे. रात्री 12 ते पहाटे 5 सव्वापट, दुप्पट नव्हे. कासारवडवली 10 किलोमीटर धरलं तर दिवसा 172 च्या आसपास आणि रात्री 215. हा आकडा शांतपणे सांगितला की निम्मे रिक्षावाले मान हलवून निघून जातात, पण कोणीतरी मीटर टाकतोच. घासाघीस करताना त्याचा चेहरा, बोलणं, तोंडाला वास येतोय का, हेही कळतं. मला जरा जरी खटकलं तर मी नाही बसत, मग अर्धा तास गेला तरी चालेल.

बसायच्या आधी नंबर प्लेटचा फोटो काढून बघितला, अंधारात तो हमखास पुसट येतो. त्यापेक्षा मी रिक्षात बसून व्हॉइस मेसेज करते: "ताई, बसले गं. एमएच शून्य चार," पुढे अख्खा नंबर, "कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा करत येतेय, अर्ध्या तासात पोचते." रिक्षावाल्याला ते स्पष्ट ऐकू जातं आणि जावंच. बहुतेक जण यावर चांगलं बोलतात. एका काकांनी तर आमच्या गेटमधून मी आत जाईपर्यंत हेडलाइट चालू ठेवून रिक्षा उभी केली होती. रस्त्याला कंटेनरच्या रांगा असतात, तरी "मेन रोडनेच चला" असं मी सुरुवातीलाच सांगते.

ॲपवरची कॅब फोर्टहून थेट घरी येते, फ्रीवे आणि पूर्व द्रुतगती मार्ग रात्री मोकळे असतात, पण खिशाला परवडत नाही. तिघी-चौघी असलो तरच. उबरमध्ये चार आकडी पिन सांगितल्याशिवाय ट्रिप सुरू होणार नाही अशी सेटिंग आहे, ती चालू करून ठेवा, चुकीच्या गाडीत बसायचा प्रश्नच येत नाही. ड्रायव्हरने फोनवर "कॅश की ऑनलाइन" विचारून ट्रिप रद्द करणं सगळीकडे सारखंच आहे. कोणी प्यायलेली असेल तर तिला आधी दारापर्यंत सोडायचं, एकटीला कॅबमध्ये कोंबून "पोचलीस की मेसेज कर" म्हणायचं नाही, हे आमच्या ग्रुपमध्ये पक्कं आहे.

पॉवर बटण पाच वेळा दाबून एसओएस, म्हणजे आणीबाणीचा कॉल, सुरू होतं, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ती सोय आहे. त्यात काउंटडाउनचा मोठा आवाज येतो. तो ठेवायचा की बंद करायचा हे सेटिंगमध्ये आधीच ठरवा. मी बंद ठेवलाय.

एवढं सगळं जमवूनही स्टेशनबाहेरची ती पंधरा मिनिटं आजही माझ्या जिवावर येतात. रात्री 12 ते दीडपर्यंत तिथे रांग लावायला एक हवालदार उभा राहिला, तर माझ्यासारख्या कितीतरी जणींची निम्मी चिंता मिटेल. आम्ही काही जणींनी तसा लेखी अर्ज तयार केलाय. घोडबंदरच्या मैत्रिणींनो, सही करायची असेल तर कळवा.