पपायरसच्या नावाखाली लव्हाळा: माझे 26,789 रुपये आणि शेजारच्या वहिनींचे 10,900

मी 31 वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कोणीतरी विचारणारच की बाई, तुम्हाला कळलं कसं नाही? घरातल्यांनी विचारून झालंय. पोलीस ठाण्यातही विचारून झालंय. कळलं होतं. माझ्या हाताला कळलं होतं, नाकाला कळलं होतं. तरी मी पैसे भरत राहिले, आणि तेच सांगायला लिहायला बसले आहे.

आम्ही मुलुंडला राहतो. जुनी चार मजली इमारत, गच्ची मोकळी, सोसायटीची परवानगी आहे. माझ्याकडे नऊ वर्षांपासून छत्रीचं झाड आहे. नर्सरीवाले त्याला अम्ब्रेला पाम म्हणतात, पण ते पाम नाही, सायपरस आहे, म्हणजे आपल्या लव्हाळ्याच्या कुळातलं. बिनभोकाची बादली, खाली चिकट काळी माती, वर दोन बोटं पाणी आणि भरपूर ऊन, एवढंच त्याला लागतं. पाणी आटलं की पानांची टोकं तपकिरी होतात, तेवढं सांभाळायचं. पिवळ्या पडलेल्या काड्या बुडातून कापायच्या. एखादी छत्री चार बोटं दांडीसकट कापून, पानं अर्धी छाटून, पाण्यात उलटी तरंगत ठेवली की दोन-तीन आठवड्यांत मधून मुळं आणि कोंब फुटतात. डासांसाठी बादलीत गप्पी मासे सोडलेले आहेत. अशी मी पंचवीस-तीस रोपं करून नातेवाइकांत वाटली असतील. तेव्हा पाणवनस्पतींतलं मला काही कळत नव्हतं, असं कोणी म्हणू नये.

आणि म्हणूनच पपायरसच्या नावाने फसवणाऱ्या त्या माणसाला मी सापडले.

फेब्रुवारी 2025 मध्ये मोबाईलवर व्हिडिओ आला. पुरुषभर उंचीच्या वर गेलेली पपायरसची (जुन्या इजिप्तमध्ये जिच्यापासून कागद करायचे ती पाणवनस्पती) दाट बेटं आणि त्यातून चाललेली होडी. खाली मराठीत आवाज: सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पांसाठी पपायरसची रोपं हवी आहेत, गच्चीवर वाढवा, प्रत्येक फुटवा 90 रुपयांना आम्ही परत घेऊ. सहा महिन्यांत किमान 300 फुटवे, म्हणजे 27,000 रुपये.

परत खरेदीच्या योजना कशा असतात हे मला माहीत नव्हतं का? होतं. कोरफड, सफेद मुसळी, सगळं ऐकून होते. पण इथे मागची गोष्ट खरी होती. वनस्पतींच्या मुळांतून सांडपाणी गाळण्याची पद्धत खरी आहे. नागपूरच्या नीरी ह्या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेने फायटोरिड नावाने ती विकसित केलेली आहे. त्यात पाणकणीस, कर्दळ, सायपरस अशा वनस्पती लावतात हेही खरं. मी स्वतः नववीच्या मुलांना प्रकल्पासाठी हे सांगितलेलं आहे. ह्या लोकांनी खऱ्या गोष्टीला आपला खोटा धंदा चिकटवला. योजनेतलं विज्ञान खरं निघालं म्हणून योजना खरी ठरत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

11 फेब्रुवारीला नोंदणीचे 2,500 भरले. लगेच 24 कंदांचे प्रत्येकी 350 प्रमाणे 8,400. मग करारनामा आणि मुद्रांकाचे 1,180, आणि वाहतूक विम्याचे 1,650. पैसे पाठवताना पडद्यावर नर्सरीचं नाव नव्हतं, कुण्या बाईचं नाव येत होतं. विचारलं तर म्हणाला, मॅडम, ते आमच्या अकाउंटंटचं खातं. पिन टाकायच्या आधी पडद्यावर जे नाव येतं ते वाचा. दुकानाचं नाव एक आणि खात्याचं भलतंच असेल तर तिथेच थांबा.

करारनाम्याचा फोटो आला तो 100 रुपयांच्या मुद्रांकावर. आपल्या राज्यात ऑक्टोबर 2024 पासून अशा करारांना कमीत कमी 500 चा मुद्रांक लागतो. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, मुलाने जूनमध्ये सांगितलं. त्याची लाज मला वाटत नाही. वाटते ती पुढच्या गोष्टीची.

19 फेब्रुवारीला खोका आला. आत ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या गाठी. बोराएवढ्या, काळपट तपकिरी, अंगावर केस. एक हातात घेतली, नखाने जरा खरवडली आणि वास आला. उटण्याचा वास. आमची आई दिवाळीच्या आठ दिवस आधी काष्ठौषधीच्या दुकानातून वाळा, गव्हला कचोरा, नागरमोथा आणायची आणि घरी कुटायची. नागरमोथा कुटायचं काम माझ्याकडे असायचं, लहानपणापासून लग्न होईपर्यंत. तो वास मी झोपेतही ओळखेन. माझ्या तोंडून शब्दही निघाला, "अगं, हा तर नागरमोथा!" शेजारच्या वहिनी समोर उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं.

नागरमोथा म्हणजे लव्हाळ्याच्याच गाठी. शेतकरी ज्याला पिढ्यान्पिढ्या शिव्या देत आलाय तो लव्हाळा. आणि पपायरसचा कंद असा नसतोच. तो जमिनीत आडवा वाढणारा, अंगठ्याहून जाड, लाकडासारखा असतो, आणि पाठवायचा तर कोंब किंवा छाटलेल्या काड्यांसकट त्याचा तुकडा पाठवावा लागतो. हे मी वाचलेलं होतं. पपायरसवर मुलांना धडा घेतलेला होता.

तरी मी काय केलं? त्याला मेसेज केला की ह्याला नागरमोथ्याचा वास येतोय. चार मिनिटांत उत्तर आलं: "मॅडम, दोन्ही सायपरस आहेत, एकाच कुळातले, वास सारखाच येणार." आणि माझं समाधान झालं! कारण वाक्यातला पहिला भाग खरा होता. पपायरस सायपरस, छत्रीचं झाड सायपरस, नागरमोथाही सायपरस. हा माणूस वनस्पतिशास्त्र जाणतो, असं वाटून उलट माझा विश्वास वाढला. ती गाठ हातात धरून मी उभी होते, घरातल्या पितळी खलबत्त्यात तिच्यासारख्या हजार गाठी मी कुटल्या होत्या, आणि मी एका अनोळखी माणसाच्या मेसेजवर विश्वास ठेवला. ती दहा मिनिटं मी रोज आठवते. त्या वेळी खोका बंद केला असता तर 13,730 वर भागलं असतं, आणि वहिनी वाचल्या असत्या.

वहिनींना ह्या योजनेत मीच नेलं. एक माणूस आणलात तर पुढच्या खेपेला 1,000 रुपये सूट, असं होतं. मी त्या सवलतीसाठी नाही सांगितलं त्यांना, खरंच नाही. त्यांनाही झाडांची आवड आणि हातात चार पैसे हवे होते. त्यांनी नोंदणी आणि कंदांचे मिळून 10,900 भरले. ते मी जुलैमध्ये त्यांना परत दिले. त्या घेत नव्हत्या. त्यांच्या देवघरात ठेवून आले. पूर्वीसारखं सकाळचा चहा घेऊन त्या आता आमच्याकडे येत नाहीत.

मी बारा टब आणले, प्रत्येकी 480, म्हणजे 5,760. माती आणि शेणखताचे 2,300. नवव्या दिवशी कोंब आले. पंधरा दिवसांत गवतासारखी पाती आली. पपायरसला अशी पाती नसतात, बुडाशी नुसते खवले आणि वर सरळ काडी. इथे बुडातून गवत फुटलं होतं. मग काडी आली, ती मी बोटांत फिरवून पाहिली: तीन कडा. मला आनंद झाला! लव्हाळ्याच्या कुळात काडी त्रिकोणी असते, गवताची गोल असते, हे मीच फळ्यावर काढून दाखवायचे. पण त्रिकोणी काडी एवढंच सांगते की हे गवत नाही. पपायरस आहे असं ती सांगत नाही. एप्रिलमध्ये फूटभर उंचीवर तांबूस तपकिरी तुरे आले. पपायरस बारा-पंधरा फुटांपर्यंत जातं आणि त्याच्या डोक्यावर बारीक हिरव्या दोऱ्यांचा झुपका असतो. माझ्याकडे मुंबईच्या कुठल्याही रिकाम्या प्लॉटवर उगवतं ते उभं होतं.

तरी मे महिन्यात "गुणवत्ता तपासणी, परत मिळणारी अनामत" म्हणून 4,999 आणखी भरले. का भरले ते मला आजही नीट सांगता येत नाही. आधीचे बुडाले हे मान्य करायचं नव्हतं, एवढंच. जी माणसं पैसे परत द्यायला आधी पैसे मागतात त्यांना एक रुपया देऊ नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात नंबर बंद. त्यांना गेलेले 18,729, वरचा खर्च 8,060.

मग सुरू झाले हेलपाटे. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर 1930, त्यावर फोन केला, पण पहिले पैसे जाऊन चार महिने झाले होते. तो नंबर पहिल्या तासा-दोन तासांत लावायचा असतो, तेव्हाच पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात. तुमच्या बाबतीत असं झालं तर लाज वाटून एक दिवससुद्धा घालवू नका. मी घालवला एक आख्खा आठवडा, मुलाला कसं सांगू म्हणून.

पोलीस ठाण्यात मी एक टब घेऊन गेले होते, रिक्षात मांडीवर धरून. समोरचे साहेब म्हणाले, "ताई, पार्सल आलं ना? झाडही उगवलं ना? मग फसवणूक कुठे आहे?" मी समजावलं, हे ते झाड नाही. ते म्हणाले, "हिरवं आहे की." बाकावरची दोन माणसं हसली. दुसऱ्या खेपेला सांगितलं, हे दिवाणी आहे, कोर्टात जा. तिसऱ्या खेपेला, विक्रेता पुण्याकडचा, आमची हद्द नाही. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे. फसवणुकीचं जुनं 420 आता न्याय संहितेत 318 झालंय, तेही मी कागदावर लिहून नेलं. तर म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" नाही, मी शिक्षिका होते. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज पोलिसांतही असतील. चौथ्या खेपेला अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली. गुन्हा नोंदवला नाही. अर्ज आणि गुन्हा ह्यांत फरक आहे, पोच मिळाली म्हणून निर्धास्त राहू नका.

बँकेत उत्तर तयारच होतं: पिन तुम्ही स्वतः टाकलात. ज्या खात्यात पैसे गेले ते अजून चालू आहे का, हे सांगायलाही तयार नाहीत, कारण खातेदाराची गोपनीयता. माझ्या पैशांनी भरलेल्या खात्याची गोपनीयता माझ्यापासूनच राखायची! कृषी खात्याच्या कार्यालयात गेले. तिथे कळलं की रोपवाटिकांवरचा 1969 चा कायदा फळझाडांसाठी आहे. आंब्याच्या कलमात फसवलं असतं तर कागद पुढे गेला असता. शोभेच्या झाडात फसवलं तर विचारणारा खिडकीवर कोणी नाही. दोन तास बसवून हे सांगितलं. मग एकाने हळूच विचारलं, "पण मॅडम, तुम्हाला ओळखता आलं नाही?"

"इजिप्तहून थेट मागवलेले कंद" असं कोणी म्हणालं तर आयात परवाना आणि त्या देशाचं फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचं, प्रमाणपत्र मागा. 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली लागवडीचा माल त्याशिवाय देशात आणता येत नाही. मला सोनेरी शिक्क्याचं "अस्सलतेचं प्रमाणपत्र" आलं होतं, त्याला काडीची किंमत नाही. पपायरस घ्यायचंच तर नर्सरीत जाऊन, वर झुपका असलेलं वाढलेलं झाड बघून घ्या. कंद किंवा बी टपालाने नको. एक काडी उलटी पाण्यात ठेवून छत्रीच्या झाडासारखी रोपं होतील असं सांगणाऱ्यावरही विश्वास नको, पपायरस कंदाचे तुकडे करूनच खात्रीने वाढतं.

आता ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ऑनलाइनही होते. हे मला कोणत्याही कार्यालयात कोणी सांगितलं नाही, मुलाने शोधून काढलं. विक्रेत्याला गेलेली पहिली नोटीस "पत्ता अपूर्ण" शेरा घेऊन परत आली. माझ्या करारनाम्यातल्या पत्त्यात तर गट नंबर, गाव, तालुका सगळं छापलेलं आहे. मी कुठलाच तुकडा पडताळून पाहिला नव्हता. सातबारा ऑनलाइन दिसतो, पाच मिनिटांचं काम होतं.

अकरा टब रिकामे केले. ती माती मी गच्चीच्या कोपऱ्यात टाकली, ही आणखी एक चूक. लव्हाळ्याच्या गाठी दोऱ्यासारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, पात उपटली की गाठ खालीच राहते आणि परत फुटते. पावसात तो सगळीकडे पसरला. सोसायटीच्या कुंड्यांत आला, वहिनींच्या तुळशीतही आला. मी दर रविवारी खुरपं घेऊन एकेक साखळी माती चाळून काढते, आणि त्यांच्या तुळशीतला त्यांना न विचारता काढते, त्या दुपारी झोपलेल्या असताना.

बारावा टब पुरावा म्हणून ठेवला आहे. शेजारी छत्रीच्या झाडाची बादली, फरक दिसावा म्हणून. पुढची तारीख 19 जानेवारीची आहे. दोन्ही घेऊन जाणार आहे.