सीताबर्डीतील प्रिंटर-दुरुस्ती : डॉट मॅट्रिक्सचा आवाज खरोखर कमी होतो का?

नागपूरलगतच्या वाडीतील ट्रान्सपोर्ट कार्यालयांमधून डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून हद्दपार झालेला नाही, आणि तो व्हावा अशी ज्यांची मनापासून इच्छा असते ते बहुधा त्या प्रिंटरच्या शेजारच्या टेबलावर बसणारे असतात. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल (मालासोबतचा ऑनलाइन परवाना) लागू झाले, हिशेब संगणकावर गेले, तरी बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती, मात्र आमच्याकडे आजही चार प्रतींतच निघते : माल पाठवणाऱ्याची, माल घेणाऱ्याची, ड्रायव्हरची आणि कार्यालयाची. लेझर किंवा इंकजेट यंत्र कागदावर आघात करत नाही, त्यामुळे कार्बनखालच्या प्रती त्यातून उमटत नाहीत. त्यासाठी पिना आपटणारे यंत्रच लागते, आणि पिना आपटल्या म्हणजे आवाज होणारच. परंतु या यंत्रांचा जो आवाज आपण वर्षानुवर्षे सहन करतो त्यातला पिनांचा वाटा किती आणि दुर्लक्षाचा किती, हे नागपुरातल्या सीताबर्डी भागातील एका दुरुस्तीच्या दुकानात आमचा प्रिंटर देऊन पाहिल्यावर नीट समजले. त्या सेवेचा हा तपशीलवार अभिप्राय आहे.

दुकान मोदी नंबरच्या गल्ल्यांपैकी एकीत, जिना चढून वर आहे. जिन्याच्या तोंडाशी ‘प्रिंटर रिपेअरिंग’ एवढाच फलक असून निराळे नाव नाही. आमचे यंत्र २४ पिनी, रुंद कागदाचे, १३६ रकान्यांचे (एका ओळीत १३६ अक्षरे छापणारे). त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी सर्व्हिसिंग करून घेतले होते आणि तेथे शाफ्टवर, म्हणजे छापणारे हेड ज्यावरून धावते त्या दांड्यावर, गंज काढण्याचा स्प्रे मारून ते परत दिले गेले होते. आठवडाभर आवाज कमी वाटला, नंतर पूर्वीपेक्षा वाढला. असा स्प्रे शाफ्टवरचे आणि बुशमधले (शाफ्टवर सरकणाऱ्या कड्यातले) मूळचे तेल धुऊन नेतो, स्वतः उडून जातो, आणि मागे कागदाच्या भुकटीत कालवलेला चिकट थर तेवढा उरतो.

या दुकानातले काका यंत्र ठेवून घेण्याआधी दोन गोष्टी मागतात : तुमचा नेहमीचा कागद आणि चालू रिबन. दुकानातल्या पातळ, एकेरी कागदावर प्रिंटर चालवला तर चार प्रतींच्या बिल्टीवर तो कसा वागतो हे कळत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते रास्त आहे. त्यांनी आधी वीज बंद ठेवून हेड हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवले, आणि मधल्या एका जागी ते जड जाते हे माझ्या बोटांना जाणवून दिले. मग रिबन काढून, नंतर रिबन लावून, मग कागदासह अशा क्रमाने सेल्फ टेस्ट घेतली. हे चालू असताना लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी धरून त्याचे टोक ते चेसिसच्या वेगवेगळ्या ठिकाणी टेकवत होते. मोटरच्या पाठीवर, आयडलर पुलीच्या (पट्टा फिरवून आणणाऱ्या मोकळ्या चाकाच्या) कण्याजवळ, ट्रॅक्टरच्या (कागदाच्या कडेच्या भोकांत दाते अडकवून तो ओढणाऱ्या भागाच्या) गिअरपाशी, आणि प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबत होते. शेवटी म्हणाले, “भाऊ, हा एक आवाज नाही न, चार आवाज एकत्र येऊन राहिले. एकेक काढू.” या सेवेचे खरे मोल याच वाक्यात आहे. बहुतेक ठिकाणी ‘डॉट मॅट्रिक्स आहे, आवाज करणारच’ म्हणून बोळवण होते, नाहीतर वर खोके झाकण्याचा सल्ला मिळतो.

पहिला आवाज शाफ्टचा होता. जुना चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढल्यावर त्यांनी शाफ्टवर थेट तेल ओतले नाही. बुशलगतच्या नमद्याच्या पट्टीला हलके मशीन ऑइल पाजले, म्हणजे हेड धावेल तसे ते बेताने पसरत राहते. प्लास्टिकच्या गिअरना मात्र तेल नाही, प्लास्टिकला चालणारे ग्रीस, तेही दातांवर बोटभर नव्हे तर नावापुरते. भलतेच ग्रीस लावले तर काही प्लास्टिके फुगतात किंवा तडकतात आणि दात मोडतो. मग त्या गिअरच्या दर फेऱ्याला एक टक् असा आवाज सुरू होतो.

दुसरा आवाज पट्ट्याचा. हेड ओढणारा दातेरी पट्टा सैल पडला होता, त्यामुळे दिशा बदलताना तो फडफडत असे आणि उभ्या रेघा किंचित दातेरी उमटत. बिल्टीच्या चौकटी वाकड्या येतात ही आमची जुनी तक्रार होती, पण तिचा आवाजाशी संबंध आहे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. पट्टा गरजेपेक्षा ताणला तर मोटरच्या बेअरिंगवर भार येऊन निराळीच शीळ सुरू होते, म्हणून त्यांनी ताण देऊन चाचणी घेतली, पुन्हा थोडा सोडला आणि पुन्हा चाचणी घेतली. तिसरा आवाज मोटरचा. स्टेपर मोटर अखंड फिरत नाही, एकेक पाऊल टाकत फिरते, आणि तिच्या पावलांची गती चेसिसच्या स्वतःच्या कंपनगतीशी जुळली की सारा पत्रा घुमू लागतो. ती कंपने चेसिसपर्यंत पोचू नयेत म्हणून मोटरखाली रबरी वॉशर दिलेले असतात. आमच्या यंत्रातले वॉशर काढले तेव्हा ते हातात बिस्किटासारखे चुरले. नवे वॉशर ही सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती ठरली, आणि घुमण्यात पडलेला फरकही तिचाच सर्वाधिक.

चौथा आवाज पिनांचाच, पण त्यातही एक मेख होती. पिना रिबन आणि कागदावर आपटतात तेव्हा मागे प्लेटन रोलरचे रबर तो आघात झेलते. वर्षे जातात तसे हे रबर कडक आणि चकचकीत होते. काकांनी रोलरवर नख रोवून दाखवले, खूण उमटली नाही. अशा रोलरवर प्रत्येक पीन जणू लाकडावर आपटते, आवाज खणखणीत येतो आणि पिनांची टोकेही लवकर झिजतात. नवा रोलर मिळत नव्हता, म्हणून ऑफसेट छपाईच्या रोलरना रबर चढवून देणाऱ्याकडून त्यांनी आमच्या रोलरवर नवे रबर चढवून घेतले. हे काम नाजूक आहे, कारण व्यास थोडा जरी बदलला तरी हेड आणि रोलर यांच्यातले अंतर बदलते. म्हणून रोलर बसवल्यावर त्यांनी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून ते अंतर दोन्ही टोकांना पुन्हा जुळवले. कागदाच्या जाडीचा लीव्हरही चार प्रतींच्या खुणेवर आणून ठेवला. तो कमी जाडीच्या खुणेवर राहिला तर हेड कागदाला घासत धावते, रिबन अडकते आणि छपाईला डाग पडतात.

येथपर्यंतचे काम त्यांच्या टेबलावर झाले. प्रिंटर वाडीला आणून आमच्या जुन्या लोखंडी टेबलावर ठेवल्यावर मात्र निम्मी सुधारणा नाहीशी झाल्यासारखे वाटले. पोकळ, पत्र्याचे टेबल एकतारीच्या भोपळ्याचे काम करते : तार कितीही हळू छेडा, भोपळा ती मोठी करून ऐकवतो. याची कल्पना काकांनी आधीच दिली होती आणि उपायही सांगितला होता : यंत्राखाली कडप्प्याची फरशी आणि फरशीखाली रबरी पॅड. नुसते पॅड का नाहीत, याचे त्यांनी दिलेले कारण येथे सविस्तर मांडण्यासारखे आहे, कारण ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ‘अँटी-व्हायब्रेशन’ पॅडबद्दलच्या बहुतेक तक्रारी याच मुद्द्यावर येऊन ठेपतात.

वजन ठेवल्यावर पॅड जर १ मिलिमीटर दबत असेल, तर त्या जोडणीची स्वतःची कंपनगती सेकंदाला सुमारे १६ येते. पॅड कंपने अडवायला लागतो तो या गतीच्या साधारण १.४ पटीपलीकडे, म्हणजे सेकंदाला २२-२३ कंपनांच्या वर. पिनांचे आघात आणि मोटरची गुणगुण त्याच्या पुष्कळ वर असल्यामुळे ती टेबलापर्यंत पोचत नाही. परंतु जड हेड दर ओळीला थांबते आणि उलटे फिरते. तो धक्का सेकंदाला एक-दोनदाच बसतो, तो कोणताही नेहमीचा पॅड अडवू शकत नाही. उलट पॅड फार मऊ असेल तर प्रिंटरच डुलू लागतो. त्यावर इलाज वजनाचा. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि एक इंच जाडीची दगडी फरशी सुमारे १९ किलोची होते, म्हणजे अशा बऱ्याच प्रिंटरांपेक्षा जड. तितके वजन खाली जोडले गेले की हेडचा तोच धक्का सगळ्या जोडणीला पूर्वीइतका हलवू शकत नाही. आम्ही फरशी आणली, कडा घासून घेतल्या, चार कोपऱ्यांना पॅड दिले आणि प्रिंटरच्या पायांखालीही पातळ रबर ठेवले. टेबलावरच्या पेनस्टँडची खडखड त्या दिवसापासून बंद आहे.

आता झाकणाविषयी. दुकान मागणीनुसार प्लायचे, आतून फोम लावलेले झाकण करून देते, आणि या सेवेतला हाच भाग मला उणा वाटला. कल्पना चुकीची नाही. पिनांचा कर्कश आवाज बराचसा हजार-दोन हजार हर्ट्झच्या वरचा असतो. ३००० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ११ सेंटिमीटर, आणि फोमची जाडी तिच्या चौथाईच्या जवळ गेली तर तो ती लहर चांगली शोषतो, म्हणून इंचभर फोमचाही उपयोग होतो. खालच्या सुरातली धडधड त्याला जुमानत नाही. अडचण उष्णतेची आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, कूलर लावूनही आमच्या खोलीत दुपारी हेड हात लावण्यासारखे राहत नाही, आणि हेड तापले की अशी यंत्रे स्वतःच वेग कमी करतात किंवा मधेच थांबतात. काकांनी पूर्ण बंद झाकण करायला नकार दिला. मागे कागदाची वाट आणि वर आडपडद्यासह झरोका ठेवून त्यांनी ते बनवले, इथपर्यंत ठीक. पण फोम साध्या गोंदाने चिकटवला होता आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याची एक पट्टी सुटून ट्रॅक्टरवर लोंबू लागली. सांगितल्यावर त्यांनी ती विनामूल्य, पट्टी ठोकून बसवून दिली, तरी नागपुरात काम करणाऱ्याने हे आधीच करायला हवे होते. जाता जाता एक : कूलरच्या दमट हवेच्या झोतात कागदाचा गठ्ठा ठेवला तर कागद मऊ पडतो, ट्रॅक्टरची भोके फाटतात, आणि त्याची करकर लोक यंत्राच्या माथी मारतात.

आमचे एक लहान लेझर यंत्रही त्यांनी पाहिले. त्यात एक झिजलेला गिअर होता, तो बदलला, टकटक थांबली, विषय संपला.

नवे यंत्र घेऊन आवाजाचा प्रश्न सोडवू पाहणाऱ्यांना माहितीपत्रकातले आकडे जपून वाचावे लागतील. काही कंपन्या आवाजाचा दाब डेसिबलमध्ये देतात, काही ध्वनिशक्ती बेलमध्ये, आणि १ बेल म्हणजे १० डेसिबल. ६.५ बेल हा आकडा लहान दिसतो, पण तो ६५ डेसिबल ध्वनिशक्तीचा आहे. मोकळ्या जागेत, सपाट जमिनीवर ठेवलेल्या यंत्रापासून १ मीटरवर मोजलेला दाब त्याहून साधारण ८ डेसिबलने कमी भरतो. म्हणून एका कंपनीचे बेल आणि दुसरीचे डेसिबल शेजारी ठेवून निवड करणे व्यर्थ आहे. शिवाय ही मोजमापे आयएसओ ७७७९ या मानकाप्रमाणे नियंत्रित खोलीत होतात, पत्र्याच्या टेबलावर नव्हे.

तक्रारी आणखी दोन. दिलेली तारीख पाळली जात नाही : रोलरच्या कामाला बाहेरचा माणूस लागतो हे मान्य केले तरी दरवेळी आपणच फोन करून विचारावे लागते. आणि हिशेब कोऱ्या चिठ्ठीवर मिळतो. कार्यालयाच्या खर्चात दाखवण्यासाठी पक्के बिल हवे असेल तर ते सुरुवातीलाच ठरवून घ्यावे. वाडी, कळमना अशा लांबच्या ठिकाणी ते येत नाहीत, यंत्र उचलून न्यावे लागते. वर्षाकाठी एकदा सर्व्हिसिंगचा करार ते करतात, परंतु त्यात झाकण आणि रोलर धरलेले नसतात.

मजुरी मला वाजवी वाटली. रोलरचे रबर हा त्यातला मोठा खर्च आहे, बाकी वॉशर, पट्टा आणि साफसफाई मिळून रिबनच्या काही कार्ट्रिजइतकी रक्कम होते. ज्यांच्याकडे दिवसाला चार-दोन बिलेच निघतात त्यांनी रोलरच्या भानगडीत न पडता शाफ्ट, पट्टा आणि वॉशर एवढेच करून घ्यावे. जेथे दिवसभर बिल्ट्या किंवा पावत्या निघतात तेथे संपूर्ण काम करून घेणे परवडते. यंत्र नेण्यापूर्वी हेड एका कडेला सरकवून चिकटपट्टीने बांधावे, ट्रॅक्टरमधला कागद काढावा, आणि आपल्या नेहमीच्या बिल्टीचे पंचवीस-तीस संच सोबत द्यावेत, कारण काका त्यांच्याशिवाय चाचणी घेत नाहीत.