सीएच 24 की जे 39: दोन मित्रांच्या दोन खुर्च्या

हान्स वेग्नर आणि बोर्गे मोगेन्सेन हे दोघे डॅनिश फर्निचर-रचनाकार, दोघांचाही जन्म 1914 सालचा. कोपनहेगनमध्ये शिकत असताना त्यांची मैत्री जमली आणि पुढे दोघांनीही कागदी दोरीने विणलेल्या बैठकीची एकेक खुर्ची केली. जुन्या डॅनिश खुर्च्या घेऊ पाहणारा बहुधा याच दोघींपाशी येऊन अडतो. मीही अडलो होतो.

वेग्नरची 1949 ची सीएच 24, म्हणजे पाठीला इंग्रजी वाय अक्षराची फळी असलेली, मूळच्या ओडेन्सच्या कार्ल हान्सन अँड सन या कारखान्याने 1950 पासून अखंड बनवली आहे. मिंगकालीन चिनी खुर्च्यांचे वळण तिच्यात स्पष्ट दिसते, आणि वाफेवर वाकवलेला एकच दांडा पाठ आणि हात दोन्ही होतो, हे तिचे देखणेपण निर्विवाद आहे. मोगेन्सेनची 1947 ची जे 39 तिच्यापुढे भिडस्त वाटते. ग्राहक सहकारी संघाच्या फर्निचर विभागाचा प्रमुख असताना त्याने ती सामान्य घरांसाठी बेतली. अमेरिकेतल्या शेकर पंथीयांच्या साध्या खुर्च्या त्याच्यासमोर होत्या, आणि डेन्मार्कमध्ये ती ‘लोकांची खुर्ची’ म्हणूनच ओळखली जाते.

बैठकीच्या बाबतीत दोघी सारख्याच हट्टी आहेत. आपल्याकडची बाज सैल पडली तर दोर ओढून आवळता येते; येथे मात्र दोरी झिजून तुटली की सगळी बैठक नव्याने विणावी लागते, आणि सीएच 24 ला त्यासाठी सुमारे 120 मीटर दोरी लागते. हळदीचा डाग दोघींवरूनही जात नाही.

माझा निर्णय झाला तो हातांमुळे. माझ्याकडे आधी चार सीएच 24 होत्या. आमच्या जुन्या टेबलाच्या फळीखाली चारही बाजूंनी रुंद पट्टी आहे, हे खरेदीच्या दिवशी मला आठवले नाही. खुर्ची आत सरकवली की हातांची टोके त्या पट्टीवर आपटत. त्यामुळे चारही खुर्च्या कायम वीतभर बाहेर राहत आणि अरुंद खोलीत वरणाचे पातेले घेऊन येणाऱ्याला अंग चोरून जावे लागे. वर्षभरात टोकांवरचा ओक खरचटून काळपट पडला, आणि गिऱ्हाइकाची नजर नेमकी तेथेच जाते. जे 39 ला हातच नाहीत. ती पाठीपर्यंत टेबलाखाली जाते आणि पाठीच्या रुंद फळीला धरून एका हाताने उचलताही येते.

जेवणानंतर कोपर टेकवून गप्पा मारत बसण्यासाठी सीएच 24 अधिक सुखाची, हे मान्य करायला हवे. जे 39 वर तासाभराने चुळबूळ सुरू होते, निदान माझी तरी होते. खोली ऐसपैस असेल आणि टेबल पट्टीविना असेल, तर माझी तक्रार कदाचित आपल्याला लागूही पडणार नाही. तरी लिलावाला जाण्यापूर्वी जमिनीपासून पट्टीपर्यंतचे अंतर अवश्य मोजून घ्यावे.

मी तीन विकल्या आणि त्या पैशांत सहा जे 39 आल्या. चौथी खिडकीपाशी आहे. तेथे टेबल नाही.