खानापूर भागात 'अल्कलाइन पावडर' विकणाऱ्यांपासून सावध राहा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात बचत गटांच्या बैठकांना येऊन काही जण 'अल्कलाइन (म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची) मिनरल पावडर' विकताहेत. माझ्या काकूकडून त्यांनी २,८०० रुपये घेतले. पैसे तर गेलेच, पण तिच्या रक्तवाढीच्या गोळ्याही वाया गेल्या, याचा मला जास्त राग आहे.

त्यांची पद्धत अशी. दोन ग्लासांत कॅनचं पिण्याचं पाणी, एकात त्यांची पावडर, दोन्हींत रंग बदलणाऱ्या औषधाचे थेंब. नुसतं पाणी पिवळसर होतं, पावडरचं निळं. मग म्हणायचं, "बघा, पिवळं म्हणजे ॲसिड. पोटातलं हेच ॲसिड तुमचं लोह आणि कॅल्शियम खातंय, म्हणून कंबर दुखते." भातलावणी करून कंबर धरलेल्या बायकांना ते पटतंच. वर पत्रक मराठी आणि कन्नड दोन्हींत. पण खाण्याचा सोडा टाकला तरी पाणी तसंच निळसर होतं, आणि त्या रंगाचा आपल्या पोटाशी काही संबंध नाही.

खरं आहे ते नेमकं उलट. पालेभाजी, नाचणी, कडधान्यातलं लोह शरीराला सहज घेता येत नाही. जठरातलं आम्ल ते विरघळवतं, तेव्हा कुठे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात ते शोषलं जातं. कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीलाही विरघळायला आम्ल लागतं. आणि रक्ताचा सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) ७.३५ ते ७.४५ एवढाच राहतो. ते काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात, कुठलं पाणी नाही.

काकू मात्र त्यांनी सांगितलं म्हणून लोहाची गोळी त्याच पाण्याबरोबर घ्यायची. हिमोग्लोबिन ९ वरून हलेना. बेळगावच्या डॉक्टरांनी डबा मागवला. मागे बारीक अक्षरांत 'सोडियम बायकार्बोनेट' छापलेलं, म्हणजे पोटातलं आम्ल मारणारा खाण्याचा सोडाच. एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांना परवाना देणारी सरकारी संस्था) १४ आकडी परवाना क्रमांक कुठेच नाही. पावडर बंद झाली, गोळी लिंबूपाण्याबरोबर आणि चहा लांब ठेवून सुरू झाली, तेव्हा आकडा वर सरकला. रक्तदाब असलेल्यांना तर या सोड्यातलं सोडियम आणखी वाईट.

ॲसिडिटीसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र हे वाचून स्वतःहून बंद करू नका. वर्षानुवर्षं चालू असतील तर लोह, मॅग्नेशियम, बी-१२ तपासायचं का, एवढं विचारा.

त्यांनी पक्की पावती दिली नव्हती, मोबाईल आता बंद लागतो. आम्ही डबा आणि पत्रक जपून ठेवलंय, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केली आहे. तीच माणसं नंदगडकडे दिसल्याचं कळलंय. तिकडे कुणाची फसवणूक झाली असेल तर डबा टाकू नका, तुम्हीही तक्रार नोंदवा.