काचबिंदूचे थेंब : बावीस महिन्यांचा जमाखर्च

या औषधाचा अनुभव लिहिणं अवघड आहे. मलम लावलं की गुडघा हलका झाला, असं सांगता तरी येतं. काचबिंदूचे थेंब घालून काहीच होत नाही. दिसणं सुधारत नाही, गेलेली नजर परत येत नाही. जाणवतात ते फक्त दुष्परिणाम. म्हणूनच शेजारपाजारचे कितीतरी जण दोन बाटल्या संपवून थांबतात आणि वर म्हणतात, "काही फरक पडला नाही हो." तो पडलेला दिसत नाही, हेच तर या औषधाचं काम.

मी साताऱ्याची, जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त, वय ६१. ऑगस्ट २०२३ मध्ये चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून दाखवायला गेले. डोळ्याचा दाब भरला १८ आणि १७. २१ पर्यंत नॉर्मल धरतात, त्यामुळे मी पर्स उचलून निघायच्या बेतात होते. पण डॉक्टरांना आत, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या कडेला, रक्ताची बारीक रेघ दिसली होती. मग ते विचारायला लागले, "काकू, थंडीत बोटं पांढरी पडतात का? अर्धशिशी आहे का? बीपीची गोळी कधी घेता?" क्षणभर वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचा कागद वाचताहेत. पण बोटं पडतात पांढरी. डिसेंबरात सकाळी कपडे पिळले की चार बोटं खडूसारखी होतात. हे लहानपणापासून आहे आणि कुणाला सांगायची गोष्ट आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

काचबिंदू, म्हणजे ही नस हळूहळू मरत जाणं, दाब नॉर्मल असूनही होतो, हे तेव्हा कळलं. अशा काही लोकांत नसेला होणारा रक्तपुरवठाच काठावर असतो. कासहून साताऱ्याला पाणी येतं ते उतारावर. उतार कमी झाला की धार बारीक. डोळ्यातही तसंच. एका टोकाला रक्तदाब ढकलतो, समोरून डोळ्यातला दाब अडवतो, आणि मधल्या फरकावर नसेचं पोट भरतं. धडधाकट डोळ्यातल्या रक्तवाहिन्या गरजेप्रमाणे रुंद-अरुंद होऊन हे सांभाळून घेतात. माझ्यासारख्यांच्यात तो कारभार जरा ढिला असतो.

पहिली बाटली लॅटानोप्रॉस्टची. रात्री नऊला एक थेंब. दोन महिन्यांत दाब १८ वरून १३ वर आला. डोळे मात्र पहिले काही आठवडे असे लाल, की भाजीवाली म्हणाली, "ताई, डोळे आलेत काय?" पापण्यांचे केस लांब झाले (भाची म्हणते, मावशी, मलाही दे ती बाटली), आणि पापणीखालची कातडी काळवंडली. मी डॉक्टरांना विचारलं, डोळा लाल झाला म्हणजे रक्त वाढलं ना, चांगलंच की! ते हसले. लाली बुबुळाबाहेरच्या पांढऱ्या भागावरच्या वाहिन्यांची, आणि नस आहे मागे. पुढच्या लालीवरून मागचा हिशेब लावायचा नाही. हे थेंब नसेला मदत करतात ती मुख्यतः समोरचा अडथळा कमी करून.

सहा महिन्यांनी फील्ड टेस्टमध्ये (नजर आजूबाजूला कुठवर पोचते ते मोजणारी तपासणी) डाव्या डोळ्याच्या वरच्या बाजूला काळा डाग जरा वाढलेला दिसला. टेस्ट पुन्हा केली, तरी तेच. मग टिमोलॉलचे थेंब जोडले, सकाळ-संध्याकाळ.

त्यातून जे झालं ते अजिंक्यताऱ्यावर कळलं. मी बारा वर्षं सकाळी गड चढते, मंगळाईच्या देवळापर्यंत. तिसऱ्या आठवड्यापासून पहिल्या वळणालाच पाय जड व्हायला लागले. वाटलं, वय झालं. ह्यांनी घरच्या मशीनवर नाडी बघितली तर ५४. एरवी ७२ असते. डोळ्यात घातलेला थेंब नाकाच्या नळीतून थेट रक्तात उतरतो आणि टिमोलॉल हृदयाचा वेग कमी करतं, हे बाटलीच्या आतल्या कागदावर मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं होतं. काचबिंदूच्या माणसाने ते वाचायचं म्हणजे थट्टाच. दमा असलेल्यांना हे औषध देतच नाहीत. मला दमा नाही, पण चार महिन्यांनी बंद झालं.

याच सुमारास डॉक्टरांनी चोवीस तास बीपी मोजणारा पट्टा बांधायला लावला. यंत्र दर अर्ध्या तासाने दंड आवळतं, झोप कसली येतेय. पण त्या कागदाने माझे डोळे उघडले. दिवसा १२८/८०. पहाटे तीनला ९२/५४. सरासरी रक्तदाब काढायची रीत सोपी आहे: खालचा आकडा, अधिक दोन्हींतल्या फरकाचा तिसरा हिस्सा. दिवसा ९६, पहाटे ६७. झोपेत रक्तदाब दहा-वीस टक्के उतरणं स्वाभाविकच आहे. माझा तीस टक्के उतरत होता. जन्म लेखा विभागात गेलेल्या बाईला हे बघवेना. महागाच्या थेंबांनी समोरचा अडथळा ५ ने कमी करून दिलेला, आणि पलीकडून ढकलणारा जोर पहाटे २९ ने घसरतोय. त्यात आडवं झालं की डोळ्याचा दाब थोडा वाढतो, तो वेगळाच.

कारण साधं होतं. बीपीची गोळी मी रात्री जेवणानंतर घेत होते, वर संध्याकाळचा टिमोलॉलचा थेंब. शिवाय टिमोलॉल दाब उतरवतं ते डोळ्याच्या आत तयार होणारं पाणी कमी करून, आणि रात्री ते आपोआपच कमी होतं, त्यामुळे त्या वेळी टिमोलॉल दाबही फारसा उतरवत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, फिजिशियनने गोळी सकाळी आणली. पुढच्या वेळी पहाटेचा आकडा १०८/६४. (कुणी हे वाचून आपल्या मनाने गोळी हलवू नका. ज्यांचा रक्तदाब रात्री उतरतच नाही, त्यांचं गणित उलटं असतं.) पण मला एक कळत नाही. पहिल्याच दिवशी "गोळी कधी घेता" विचारलं होतं, मी "रात्री" सांगितलंही होतं, मग वर्ष का गेलं? विचारलं. म्हणाले, आधी दाब उतरवून बघायचा असतो. असेल.

टिमोलॉलच्या जागी ब्रिमोनिडिन आलं. याच्याविषयी आशा मोठी होती. दाब नॉर्मल असलेल्या काचबिंदूत ब्रिमोनिडिन आणि टिमोलॉल यांची थेट तुलना अमेरिकेत झाली, २०११ साली छापून आली. दाब दोन्हींनी सारखाच उतरला, पण फील्ड बिघडलेले रुग्ण ब्रिमोनिडिनच्या गटात सुमारे ९ टक्के आणि टिमोलॉलच्या गटात सुमारे ३९. म्हणजे दाबापलीकडे काहीतरी आहे. पण ते रक्तप्रवाहाचं, नसेच्या पेशींना मिळणाऱ्या संरक्षणाचं की टिमोलॉलच्या तोट्याचं, याचा निकाल त्यातून लागत नाही. शिवाय ब्रिमोनिडिनच्या गटातले बरेच जण ॲलर्जीमुळे मधेच बाहेर पडले होते.

मीही पडले. दुपारी अशी झोप यायची की भिशीत मान टाकायचे. तोंड कोरडं. गंमत म्हणजे डोळे पांढरेशुभ्र, कारण हे वरच्या वाहिन्या आकसवतं. तेव्हा उलटी भीती वाटली, आतलंही रक्त आटत असेल का? तेच उत्तर मिळालं: वरचा रंग बघून आतलं ठरवू नका. सहाव्या महिन्यात पापण्या सुजल्या, खाज थांबेना. बंद.

आता लॅटानोप्रॉस्टच्या जोडीला डॉर्झोलामाइड, दोनदा. देण्याआधी सल्फाची ॲलर्जी विचारली. घालताना चांगलंच झोंबतं आणि दहा मिनिटांनी घशात कडू उतरतं, त्यावर चहाही कडूच लागतो. रक्तप्रवाहाचा सगळ्यात जास्त गाजावाजा याचाच. हे एका एन्झाइमला अडवतं, त्या अडवण्याने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कार्बन डायऑक्साइडने वाहिन्या रुंदावतात, असं तर्कशास्त्र. डॉपलरवर (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) डोळ्यामागच्या वाहिन्यांतला वेग वाढलेला काही अभ्यासांत दिसलाही आहे. पण वेग वाढला म्हणून नजर जास्त टिकली, असं पक्कं दाखवता आलेलं नाही. मेडिकलवाला "ब्लड सर्क्युलेशनचा ड्रॉप" म्हणून देतो. मी दाबाचा म्हणूनच घेते. दाब ११-१२.

घालायची रीत मला नर्सबाईंनी शिकवली आणि तीच सगळ्यात कामाची ठरली. एकच थेंब, डोळा मिटायचा, नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही, दुसरा गालावरच जातो. दोन औषधांत पाच मिनिटं. हे टिमोलॉलच्या वेळी माहीत असतं तर गडावरची धाप कदाचित कमी झाली असती.

आईचा एक डोळा "मोतीबिंदू पिकलाय" म्हणत घरात सोडून दिला होता. ऑपरेशननंतरही तिला दिसलं नाही, तेव्हा सगळ्यांनी ऑपरेशनलाच बोल लावला. आता वाटतं, ते काचबिंदूचंच असणार. धाकट्या भावाला दोनदा सांगितलं, डोळे तपासून घे. तो म्हणतो, मला व्यवस्थित दिसतं.

जूनमधल्या फील्ड टेस्टमध्ये डाग होता तेवढाच आहे. पुढची दिवाळीनंतर. नाडी ७०, आणि गडाचं पहिलं वळण आता न थांबता होतं.