शुअर बीटा ५२ए: माइक टिकला, स्टँडने मान टाकली

किक ड्रमसाठी, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमसाठी, माइक शोधणाऱ्यांनी शुअर बीटा ५२एचा माहितीचा तक्ता दहा वेळा वाचलेला असतो, म्हणून तो इथे उतरवत नाही. त्यातल्या एकाच आकड्याबद्दल मला पोटतिडकीने बोलायचं आहे, कारण घेताना त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो आकडा वजनाचा आहे. ६०५ ग्रॅम.

मागच्या महिन्यात माझ्याकडे एका बँडचं रेकॉर्डिंग होतं. ड्रमर साताऱ्याहून आलेला, पाय अतिशय नेमका. पहिल्या गाण्यांत किक सुरेख आली. नंतर मिक्सिंगला बसले तर शेवटच्या गाण्यात अंतऱ्यापासून बीटरचा (पेडलच्या हातोडीचा) ठोका विरत गेलेला, आणि शेवटच्या ध्रुवपदाला नुसता ढबढब आवाज. पेडलचा स्क्रू सैल झाला असेल असं आधी वाटलं. ड्रम अजून तसाच मांडलेला होता. आत टॉर्च मारला तर माइक खालच्या गोधडीवर तोंड टेकून पडलेला. बूमच्या, म्हणजे स्टँडच्या आडव्या नळीच्या, सांध्याने मान टाकली होती. एकदम खाली आला असता तर तेव्हाच कळलं असतं आणि टेक पुन्हा घेता आला असता. तो प्रत्येक ठोक्यागणिक केसभर सरकत गेला. साताऱ्याच्या माणसाला एका गाण्यासाठी परत कसं बोलावणार?

स्टँड घेऊन एक वर्षही झालेलं नव्हतं. खोक्यावर वर्षाची वॉरंटी छापलेली, बिल हातात. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, सांध्यातला रबर झिजणारा भाग आहे, तो वॉरंटीत येत नाही.’ मी म्हटलं, बूम स्टँडमध्ये सांध्याशिवाय असतं काय? दोन लोखंडी नळ्या तर मला भंगारातही मिळतील. बऱ्याच वादानंतर त्याने एक प्लॅस्टिकची चावी हातावर ठेवली. तीही दुसऱ्याच मापाची निघाली.

हे इतकं लांबण लावून सांगते आहे, कारण याचा थेट संबंध माइकच्या निवडीशी आहे. आखूड बूमवर हलका माइक कसाही तगतो. सहाशे ग्रॅमचा माइक नळीच्या टोकाला लावून ती दीड-दोन फूट पुढे काढली की सगळा भार त्या एका रबरी चकतीवर येतो, आणि वर प्रत्येक ठोक्याला हवेचा धक्का आणि जमिनीचा हादरा. या माइकचं बजेट ठरवताना भक्कम स्टँडचे पैसे त्यातच धरा, नाहीतर थांबून पैसे साठवा. मी शेवटी भोसरीतल्या ओळखीच्या वेल्डरकडून जाड लोखंडी चकती कापून घेतली आणि जुन्या स्टँडची ५/८ इंची आट्यांची नळी तिच्यावर उभी केली. आता माइक इंचभरही हलत नाही. नव्या स्टँडच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झालं.

माइकच्या स्वतःच्या सांध्याबद्दल मात्र माझ्या मनात निखळ कौतुक आहे. स्टँडची पकड माइकच्या अंगातच आहे आणि एक्सएलआरही (केबल जोडायची खोबण) त्याच पकडीत बसवलेला आहे. माइक वरखाली फिरवला तरी केबल जागची हलत नाही, आणि ज्या कोनात सोडला त्या कोनात तो राहतो. चावी आवळावी लागत नाही. ड्रमच्या पुढच्या कातड्याला पाच इंची भोक, त्यातून मनगटापर्यंत हात घालून अंधारात माइकचं तोंड वळवायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना यातलं सुख कळेल. आधीच्या सात माइकच्या संचातल्या किक माइकची क्लिप अशाच वेळी तुटली होती.

आता आवाज. सुरुवातीला माझं मत बरं नव्हतं. खर्ज दणदणीत, ४ किलोहर्ट्झजवळ उठाव, आणि मधला भाग मागे सरलेला. आवाज अगदी तयार मिळतो, ईक्यूला (पट्ट्या कमीजास्त करायच्या सोयीला) हात लावावा लागत नाही. रॉकवाल्या पोरांना तेच हवं असतं आणि ती खूश होती. पण भावगीतांचे नवे संच करणारा एक गट आला तेव्हा तीच किक त्यांच्या गाण्याच्या अंगावर येत होती. हा माइक एकाच कामाचा, असं मी तेव्हा दोघातिघांना सांगितलंही.

ते मत आता बदललं आहे, आणि ते माइकच्या जागेने बदललं. आत, बीटरपासून दोनतीन इंचांवर धरला की टकटकीत ठोका येतो. भोकाच्या तोंडाशी आणला की पोटातला हुंकार वाढतो. भोकाच्या बाहेर चारेक इंच आणि किंचित तिरका ठेवला की तो टोकदारपणा गळतो आणि आवाज गोल होतो. त्याच्या जोडीला बीटर उलटा करून फेल्टची बाजू लावा. बहुतेक बीटरना दोन बाजू असतातच, पैसा लागत नाही. या दोन गोष्टींनी जो फरक पडला तो मला कुठल्याही ईक्यूने मिळाला नव्हता. भावगीतवाल्यांचं पुढचं काम मी याच माइकवर केलं.

जवळ-लांबची ही गोष्ट जुनीच आहे. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत १९६६ साली बीटल्सचे ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी त्यांच्या ड्रमर रिंगो स्टारच्या बास ड्रममध्ये (म्हणजे किकमध्येच) लोकरी स्वेटर कोंबला आणि माइक स्टुडिओची मालक कंपनी ईएमआयच्या नियमात बसत नव्हता इतका जवळ नेला. ड्रमचा तो आवाज आजही ऐकावासा वाटतो. आमच्याकडे स्वेटरच्या जागी आजीची जुनी गोधडी आहे. ती दोन्ही कातड्यांना जेमतेम टेकेल इतकीच ठेवा. ठासून भरली तर ड्रम खोक्यासारखा वाजतो आणि मग दोष माइकला मिळतो.

खर्ज कमी येतो अशी तक्रार असेल तर माइक विकायच्या आधी आपली खोली मोजा. माझी खोली दहा बाय बारा फूट. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपास एक लाट अडकते आणि दहा फुटांच्या रुंदीत ५६च्या आसपास. बावीस इंची किकचा खर्ज नेमका याच पट्ट्यात. खोलीच्या मधोमध बसून स्पीकरवर ऐकलं की तो खर्ज जवळजवळ गायब, आणि भिंतीला पाठ लावली की छातीत धडकतो. फाइलमध्ये आवाज तोच आहे, फक्त कान जिथे आहेत तिथे तो पोचत नाही. किकचा निवाडा मी आता हेडफोनवर करते. माइक आत असताना खोलीचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही, ही लहान जागेत काम करणाऱ्यांसाठी मोठी सोय आहे.

स्वस्त इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवर) चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालेल. डायनॅमिक माइक आहे, फँटम पॉवर (केबलमधून माइकला मिळणारी वीज) लागत नाही. त्याचा सिग्नल मुळात क्षीण आहे, पण ड्रमच्या आतला आवाजच इतका प्रचंड असतो की आवाज वाढवणारी गेनची चावी अर्ध्यावरही न्यावी लागत नाही, आणि इंटरफेसमधल्या प्रीअँपचा सूं सूं आवाज वर येत नाही. याच माइकवर कुणी गायकाचा आवाज घेऊ पाहील तर निराशा होईल, पण त्यासाठी तो बनलेलाच नाही.

एका मित्राचा एकेजी डी११२ एमके२ हा किक माइक काही दिवस माझ्याकडे होता. बाहेर वाजवायला जाणाऱ्यांनी तोच घ्यावा असं मी म्हणेन, कारण त्याचं वजन ३०० ग्रॅम, याच्या निम्मं, आणि हॉलवाल्याने दिलेला कुठलाही मोडका स्टँड त्याला पेलतो. त्याचा ठोका मला जास्त पुढे आलेला वाटला, तळ थोडा सडपातळ. जाड गिटारांच्या गर्दीत तो चांगला वाट काढतो. शुअरचाच सर्वसाधारण कामाचा माइक एसएम५७ घरात आधीच असेल आणि महिन्याला एखादंच ड्रमचं काम येत असेल, तर त्याच्यावरच भागवा. ४० हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ काही ऐकत नाही, पण मोबाइलवर गाणं ऐकणाऱ्यालाही ते ऐकू येत नाही. पुढच्या कातड्याला भोक नसलेला, मोकळा घुमणारा जॅझचा लहान ड्रम असेल तर मात्र बीटा ५२ए नको. तिथे दोनतीन फुटांवरून निवांत ऐकणारा माइक हवा, आणि याची सगळी गंमत जवळिकीत आहे.

गणपतीच्या आधी एका पथकाचे ढोल रेकॉर्ड करायला मिळाले, तिथे या माइकने मला खरंच थक्क केलं. थापीच्या बाजूला सहा इंचांवर बीटा ५२ए, टिपरूच्या बाजूला एसएम५७. पहिल्यांदा दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकले तेव्हा ढोलाचं पोटच हरवलेलं. टिपरू एका पानावर आदळतं तेव्हा ते पान आत जातं आणि समोरचं बाहेर येतं, म्हणजे एका माइकला जो दाब तीच दुसऱ्याला ओढ, आणि खर्जात दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. एका ट्रॅकची पोलॅरिटी (दाब-ओढीची दिशा) उलटी केली आणि ढोल उभा राहिला. स्पीकरच्या जाळीवर हात ठेवला तर तळहाताला झटका बसत होता. पथकातल्या मुली टाळ्या पिटायला लागल्या. रेकॉर्डिंगमध्ये ढोल नेहमी पत्र्याच्या डब्यासारखा येतो, असं त्यांच्या दादांचं म्हणणं होतं. त्यांनी तो तुकडा तीनदा वाजवून घेतला आणि जाताना ताशाचीही तारीख ठरवून गेले. ताशाला हा माइक लावणार नाही. त्याची सगळी धार वरच्या पट्टीत असते आणि बीटा ५२ए दहा किलोहर्ट्झला थांबतो. काड्यांसाठी वरची पट्टी नीट पकडणारा कंडेन्सर माइक मागवून ठेवला आहे.